आबा, मी खेळ सोपा केला होता

आबा, परवा तुमचे दिवस झाले. पाहुणे आपापल्या गावी गेले, मांडववाल्याच्या खुर्च्या परत गेल्या, संदीप आज कामावर गेला. घरात आता आई आणि मी. दुपारी दोनला माझं ऑफिसचं काम संपतं आणि लॅपटॉप मिटून मी हॉलचा पडदा ओढायला उठते, तीन वर्षांची सवय आहे. आजही उठले. पडदा हातात धरून बराच वेळ उभी राहिले, मग तसाच सोडला.

मला तुमच्याशी भांडायचं आहे. तेरा दिवस जो येईल तो तुमच्याबद्दल चांगलं बोलत होता आणि मी सून म्हणून चहाचे ट्रे फिरवत माना डोलावत होते. त्या सगळ्या दिवसांत माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, की आबा गेले ते माझ्यामुळे. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगायला गेले असते तर आधी खेळाचं सांगावं लागलं असतं, आणि सासरा गेल्यावर सून व्हिडिओ गेमचं काय घेऊन बसली आहे, असं लोक म्हणाले असते.

लग्नाला चार महिने झाले होते तेव्हा. संदीपने पुण्याहून आणलेली गेमची मशीन कपाटावर धूळ खात पडली होती. कंपनीतून आला की तो जेवून झोपायचा. मी पहाटे सहापासून दोनपर्यंत कॉम्प्युटरवर काम करायचे आणि मग मोकळी. आई त्या वेळेला भजनाच्या बायकांकडे. मी मशीन खाली काढली, ऊन स्क्रीनवर येतं म्हणून पडदे ओढले आणि खेळायला बसले. आतून किंचाळ्या, कुत्र्यांचं गुरगुरणं, काच फुटल्याचे आवाज. तुम्ही दारात येऊन उभे राहिलात तेव्हा मला वाटलं, झालं, आता माझ्या माहेरी, आष्ट्याला फोन जाणार. तुम्ही थोडा वेळ बघितलंत आणि विचारलंत, “गोळ्या किती ऱ्हायल्यात?”

“तीन.”

“आन् खोल्या?”

“माहीत नाही.”

“मग कशापायी उडवतीयास? दार लाव आन् नीघ. समद्यास्नी मारायचं नसतं.”

आणि खुर्ची ओढून बसलात.

त्या खेळाचं इंग्रजी नाव तुम्हाला कधी धड घेता आलं नाही. एक बंद पडलेली कापडगिरणी, बाहेर बर्फ, आत नको ते काहीतरी, आणि पत्रं द्यायला आलेली टपालखात्यातली एक पोरगी आत अडकलेली. आपल्या घरात त्या मालिकेचं नाव ‘गिरणी’च पडलं. पहिला भाग माझ्या लहानपणीचा, जुनाट. त्यात कॅमेरा खोलीच्या एका कोपऱ्यात ठोकून ठेवलेला. पोरगी पुढे काय बघते आहे ते आपल्याला दिसत नाही, नुसता पावलांचा आवाज येतो. पिशवीला सहाच कप्पे. सातवी वस्तू सापडली की आधीची एक टाकायची. आणि इथवर खेळलो ते जपून ठेवायचं, म्हणजे मेलो तर तिथून पुढे सुरू करता येईल, तर भिंतीवरचा कंदील पेटवावा लागे. एका कंदिलाला एक काडी. काड्या संपल्या की संपलं.

मला त्या सगळ्याचा राग यायचा. तुम्हाला मात्र घरी आल्यासारखं झालं. अख्ख्या आळीला वाटायचं की तुम्ही फौजेत होता म्हणजे सरहद्दीवर बंदूक घेऊन उभे होता. तुम्ही वीस वर्षं रसदीच्या गोदामात होता. डाळ, रॉकेल, मोजे, बॅटरीचे सेल. हे तुम्ही मला तिसऱ्याच दिवशी सांगून टाकलंत आणि वर म्हणालात, “भाईर बोलू नगंस.” कॅलेंडरचा जुना कागद उलटा करून तुम्ही गिरणीचा नकाशा काढायला घेतला. कुठल्या खोलीत काय ठेवलं, कुठल्या कपाटात किती गोळ्या निघाल्या, किती काड्या उरल्या, सगळं पेन्सिलीनं, रेघा मारून. “राशन माज्याकडं, बंदूक तुज्याकडं,” म्हणालात. मी कंदील पेटवायला गेले की तुमची परवानगी लागायची. कितीदा नाही म्हणालात, आणि मी मेले, आणि अर्धा तास मागे गेलो. मी चिडायचे. तुम्ही शांतपणे म्हणायचात, “काडी हाय की अजून.”

त्या भागात आणखी एक होतं. पोरीची तब्येत दाखवणारी पट्टी स्क्रीनवर नव्हती. ती किती जखमी आहे ते तिच्या चालीवरून ओळखायचं. थोडं लागलं असेल तर हात कुशीवर जायचा. जास्त लागलं तर पाय ओढायची. माझ्या ते लक्षातच यायचं नाही. मी पळवत सुटायचे आणि ती मधेच पडायची. तुम्ही म्हणालात, “जवान कवा सांगत न्हाई दुखतंय म्हणून. त्याची चाल बघायची. चाल खोटं बोलत न्हाई.” तेव्हापासून मी चाल बघायला शिकले, आबा. तुम्हीच शिकवलंत.

दुसऱ्या भागातली ती दुपार आठवते का? पहिल्या भागात एक ठरलेलं होतं, दार ओलांडलं की मागचं मागे राहिलं. आपला सगळा जीव त्या दारांवर होता. दुसऱ्या भागात गिरणीचा मुकादम आला. उंच, डोक्यात टोपी, हातात लोखंडी गज. आपण कापसाच्या खोलीतून पळालो, दार लावलं, तुम्ही नकाशावर खूण करायला खाली वाकलात. मी पाण्याचा तांब्या उचलला. आणि दाराची मूठ फिरल्याचा आवाज आला. तुमची पेन्सिल थांबली. दोघंही स्क्रीनकडे बघत राहिलो. दार हळूहळू उघडलं आणि तो आत आला, घाई न करता.

“दार उघडतंय की ह्यो,” तुम्ही म्हणालात. माझ्या हातून बटणं दाबली जाईनात. पोरगी भिंतीला धडकत राहिली. तुम्ही उठून उभे राहिला होता. त्या दिवशी आपण मशीन बंद केली आणि मी चहा केला, आणि चहा घेताना तुम्ही दोनदा स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलंत. खेळ करणाऱ्यांनी एकच नियम मोडला होता आणि सगळी गिरणी पुन्हा अनोळखी झाली. त्यांचं डोकं तिथे चाललं होतं हे तुम्हीही कबूल केलंत.

तिसऱ्या भागापासून आपली भांडणं सुरू झाली. कॅमेरा पोरीच्या खांद्यामागे आला, समोरचं सगळं स्वच्छ दिसायला लागलं. गोळ्या बादलीभर. कोपऱ्यात तब्येतीची हिरवी पट्टी. मी खूश. पहिल्यांदाच नेम धरता येत होता, मागे वळता येत होतं, मेलं तर दहा पावलं मागून सुरू. तुमचा कागद कोराच राहिला. चौथ्या दिवशी तुम्ही पेपर वाचत बसलात. “पट्टी बघून कळायचं व्हय, मानसाला काय झालंय ते?” एवढंच म्हणालात.

चौथ्या भागात सोबती आला. दोघांनी खेळायचं, दोन रिमोट, स्क्रीनचे दोन तुकडे. तुम्हाला मी एक रिमोट दिला तेव्हा तुम्ही तो पाकीट धरावं तसा दोन बोटांत धरलात. आठवडाभर तुमचा माणूस भिंतीकडे तोंड करून उभा असायचा आणि मी त्याला ओढत न्यायचे. मला तो भाग सगळ्यात आवडला. आपण इतकं हसलो कधी नव्हतो. पण तुमचं म्हणणं ठाम होतं, सोबत आली की भीती गेली, आणि भीती गेली की गिरणी उरली नाही. मी म्हणायचे, माणूस सोबतीसाठी जास्त घाबरतो, स्वतःसाठी कमी. तुम्ही मान हलवायचात. “आपलं आपल्याला निस्तरायचं असतं, पोरी. दुसऱ्याला कशाला गुतवायचं त्यात.” तो वाद आपला मिटलाच नाही.

पाचव्या भागात बंदूकच काढून घेतली. सगळं पोरीच्या डोळ्यांतून दिसायचं, कपाटात लपायचं, श्वास धरून बसायचं. पट्टी गेली. तिचे हात दिसायचे, आणि ते थरथरायचे. तुम्ही पुन्हा खुर्ची पुढे ओढलीत. खेळ करणारे फिरून परत जुन्या वाटेला आले, असं तुम्हाला वाटलं, आणि मला वाटलं की ते पुढे गेले. दोघांचंही खरं असेल. या वर्षी त्यांनी पहिलाच भाग नव्याने बनवला. तीच गिरणी, तीच पोरगी, नवा कॅमेरा, पण कंदील आणि काड्या जुन्या. वर पहिल्या भागात नसलेला मुकादम त्यात आणून सोडलेला. तुम्ही ट्रंकेतून तो पहिला पिवळा पडलेला कागद काढून आणलात.

आपण तो सुरू केला त्याच आठवड्यात मी खिडकीतून तुम्हाला बघितलं. तुम्ही किल्ल्याच्या चढावरून फिरून येत होता. आधी गेटपाशीच थांबायचात, आता विजेच्या प्रत्येक खांबाशी थांबत होता. खांबाला हात टेकून उभे राहायचात, दुसरा हात छातीच्या डाव्या अंगाला. चप्पल बांधल्यासारखं करायचात आणि निघायचात. तुमच्या चपलेला बांधायला काही नव्हतं. मी तीन दिवस बघितलं. चौथ्या दिवशी दुपारी मशीन न लावताच विचारलं.

तुम्ही नाही म्हणाला नाहीत. “चढाला जरा दाटतंय,” म्हणालात. “बसलं की जातंय.”

“आजच जाऊ दाखवायला. मी संदीपला फोन करते.”

“न्हाई. कुनाला सांगायचं न्हाई. माज्या गळ्याची शपथ हाय तुला.” मग माझा चेहरा बघून मऊ झालात. “येवडी गिरणी संपवू. संपली की आपून दोघं जाऊ. गप जाऊन येऊ, कुनाच्या डोक्याला ताप नगं.”

आणि मी हो म्हणाले. मी शिकलेली मुलगी. छातीत दाटणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. पण शपथ घातली की आमच्या आष्ट्यातही जीभ बांधली जाते. शिवाय वाटलं, आठ-दहा दिवसांचा प्रश्न आहे. तुम्ही एवढ्या गोष्टी माझ्यावर सोपवल्या होत्या, ही एक आणखी.

त्यानंतरच्या दुपारी मी खेळले नाही, आबा, मी ओझं वाहिलं. मला पुढे जायचं होतं आणि तुम्ही मागे खेचत होता. “त्या खोलीतलं कपाट ऱ्हायलं.” “आदी कंदिलाकडं चल.” “मुकादम जाऊ दे, मग निघू.” तासभर आपण एका जिन्याखाली बसून होतो, तो वर येरझारा घालत होता, आणि मी स्क्रीनकडे बघायचं सोडून तुमच्या छातीकडे बघत होते. ती वर-खाली होताना मोजत होते. तुम्हाला ते कळलं की नाही मला माहीत नाही. तुम्ही म्हणालात, “घाई करू नगंस प्राजू, घाईतच मरतीयास तू.”

म्हणून मी खेळ सोपा केला. तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा. त्या नव्या भागात खेळ चालू असतानाच पातळी बदलता येते, दोन बटणं दाबली की झालं. मुकादम संथ झाला. कपाटांत गोळ्या वाढल्या. दोन दिवसांत आपण विणकामाचा मजला पार केला, जिथे पहिल्या वेळेला आपल्याला तीन आठवडे लागले होते. माझ्या मनात आलं, गुरुवारी संपेल, शुक्रवारी सकाळी दवाखाना.

तुम्ही कागदावर बोट ठेवलंत. “ह्या कपाटात दोनच असत्यात. सहा कशा निघाल्या?”

“नवीन भाग आहे आबा. बदललं असेल.”

पुढच्या कंदिलाशी मी काडी लावली. तुम्ही पेन्सिलीने रेघ मारलीत आणि स्क्रीनवर बघितलंत. “काड्या अजून नऊ कशा? मगाशी बी नऊच हुत्या.”

सोप्या पातळीवर काड्या खर्च होत नाहीत. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. वीस वर्षं ज्याने रॉकेलच्या डब्यांची नोंद ठेवली त्याच्यासमोर मी हे करायला गेले.

तुम्ही आवाज चढवला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही फक्त विचारलंत, “कशासाठी केलंस?” आणि मी म्हणाले, “लवकर संपावा म्हणून.” पोरगी कंदिलाशेजारी उभी होती, तिचा श्वास ऐकू येत होता. लवकर का, ते तुम्हाला पुरतं कळलं होतं. मला आता कळतं, तो क्षण होता. मी तिथेच रिमोट खाली ठेवायला हवा होता, बाहेर जाऊन रिक्षा बोलवायला हवी होती. शपथ मोडायची होती. तुम्ही दुसरा कागद घेतलात, नवा चौकोन आखलात. “पैल्यापासनं लाव,” म्हणालात.

आणि मी लावला.

नऊ दिवसांनी सकाळी तुम्ही फिरायला गेलात आणि तिसऱ्या खांबाशी बसलात ते उठलाच नाहीत. आपण बॉयलरच्या खोलीपर्यंतच पोचलो होतो.

मी खोटेपणा केला नसता तर गुरुवारी नाही तरी फार तर पुढच्या सोमवारी गिरणी संपली असती. तुम्ही शब्दाचे पक्के होता. दवाखान्यात गेला असता. हे गणित मी तेरा दिवस घातलं. पिंडाला कावळा शिवेना तेव्हा सगळे म्हणत होते, काय इच्छा राहिली असेल, आणि मागे उभी राहून मला बॉयलरची खोली दिसत होती. शेवटी शिवला. मला काही सुटल्यासारखं वाटलं नाही.

परवा संध्याकाळी शेवटचे पाहुणे गेल्यावर आम्ही तिघं हॉलमध्ये बसलो. मी तिथेच सांगून टाकलं. खांब, शपथ, खेळ, सोपी पातळी, सगळं. संदीपकडे न बघता सांगितलं. मला वाटलं तो ओरडेल. तो म्हणाला, “मला पण माहीत होतं. जिन्यावर बसले होते एकदा. मला म्हणाले, तुझं कंपनीतलं ऑडिट झालं की जाऊ आपण. आईला आणि प्राजूला सांगायचं नाही. शपथ घातली होती.”

ऑडिटला अजून पंधरा दिवस होते.

आई पदराने चष्मा पुसत होत्या. “मला म्हनले हुते, पाटणकडची आपली जत्रा झाली की जाऊ,” त्या म्हणाल्या. “पोरास्नी सांगायचं न्हाई म्हनून देवापुढं हात ठिवाय लावला.”

जत्रा पुढच्या महिन्यात.

म्हणजे गिरणी संपली असती तरी तुम्ही गेला नसता. ऑडिट झालं असतं तरी नसता. कुणाला काय बोलायचं ते तुम्ही वाटून दिलं होतंत, आणि प्रत्येकाला वाटत होतं की हे आपल्या एकट्याकडेच आहे. एका घरात, एका ताटावर बसून आम्ही तिघं दोन-तीन आठवडे गप्प होतो. आमटी वाढताना एकमेकांपासून लपवत होतो. नुसतं एकाने दुसऱ्याला म्हटलं असतं, तर तिघांनी मिळून तुम्हाला उचलून नेलं असतं. माझा गुन्हा तिथेच हलका झाला आणि मला इतका राग आला, आबा, की मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले. तुमच्यावरचा राग होता तो. आमच्यावरचाही.

आई मागून आल्या. त्यांनी नळ बंद केला. “थोरल्या दिरास्नी सांगलीला न्हेलं हुतं, असंच छातीचं,” म्हणाल्या. “गाडीतनं चालत उतरलं आन् परत आलं न्हाईत. तवापासनं ह्यास्नी धास्ती. भ्याले हुते गं ते. मी म्हनलं, निदान प्राजूला तरी सांगा. तर म्हनले, सुनंम्होरं कसं सांगू, मला भ्या वाटतंय म्हनून.”

सहा खेळ आपण शेजारी बसून घाबरलो, आबा. माझ्यासमोर खुर्चीतून उठून उभे राहिलेले तुम्ही. मी हसले असते असं वाटलं का तुम्हाला? मी संदीपला सांगितलं असतं, गाडी काढायला लावली असती, मागच्या सीटवर तुमच्याशेजारी बसले असते. सासऱ्याचा हात सुनेनं धरायची आपल्याकडे रीत नाही. मी धरला असता.